वालउर्ने : मतपेटी की अस्थिकलश?

तर्रीपोहा
धरमपेठेत जर्मनच्या क्लासला जाऊन राहिली आहे, काल निवडणुकीचा धडा होता. मतपेटीला म्हणे 'वालउर्ने'. वाल म्हणजे निवड, ते ठीक. पण उर्ने डिक्शनरीत पाहिलं तर अस्थी ठेवायचं भांडं! मागच्या वर्षी आजीच्या अस्थी रामटेकला अंबाळ्यावर नेल्या होत्या, लाल कापड बांधलेला तो लोटा रस्ताभर माझ्याच मांडीवर होता, तेच डोळ्यासमोर आलं. मतपेटीला असं नाव काऊन दिलं असेल बा?

बुलडीवाला
अशुभबिशुभ काही नाही. लॅटिनमधे उर्ना म्हणजे पाण्याचा घडा. रोमन लोक त्यातच अस्थी ठेवायचे न् त्यातच चिठ्ठ्या टाकायचे, भांडं एक कामं तीन. आता जर्मनीत फट असलेला साधा डबा असतो पण नाव घड्याचंच राहिलं, निवडणुकीलाच 'उर्नेनगांग' म्हणतात, घड्याकडे जाणं. आपल्याकडे पण चोळांच्या काळात तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरला ताडपत्रावर नावं लिहून घड्यात टाकायचे न् लहान पोराला एक काढायला लावायचे, 10व्या शतकातला शिलालेख आहे.

शब्दखोर
खरी मजा 'वाल'मधे आहे. संस्कृत 'वृ' म्हणजे निवडणे, त्यातूनच वर, वरण, स्वयंवर. वाल त्याच कुळातला.

खर्राबंद
झालं सुरू, सगळं जग संस्कृतातून निघालं 😂

शब्दखोर
अबे संस्कृतातून म्हटलं का मी? चुलत भावंडं आहेत, दोघं एकाच जुन्या इंडो-युरोपियन मुळातून आलेले, इंग्लिशमधलं 'विल' पण त्याच घरातलं. उर्ने मात्र लॅटिनकडून उसनं. आणि मतदानाला ते 'श्टिमआबगाबे' म्हणतात, श्टिमे म्हणजे आवाज, आबगाबे म्हणजे देणं. आपण मत देतो, ते आवाज देतात.

खर्राबंद
बरं बाप्पा, मानलं. पण तिथे अजून कागदच? मशीन नाही?

बुलडीवाला
2005 च्या निवडणुकीत काही ठिकाणी मशिनी वापरल्या होत्या. 2009 मधे तिथल्या घटना न्यायालयाने तो वापर घटनाबाह्य ठरवला, साध्या माणसाला खास ज्ञान नसतानाही मोजणी तपासता आली पाहिजे म्हणून. घडा वाचला म्हण.

तर्रीपोहा
थँक्यू सगळ्यांना 🙏 आई रोज विचारते आज काय शिकली, तिला स्वयंवरवालं सांगते. घड्याचं राहू देते.