माया बोलून दाखवली नाही, तरी दिसत होती
आमच्या वडिलांच्या पिढीतले पुरुष बायकोमुलांवरची माया बोलून दाखवत नसत, असे म्हणतात, ते मला मान्य आहे. पण ती दिसत नसे, असे मात्र मला म्हणवत नाही. जुलै १९८६ मध्ये गोव्यात मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला, त्यानंतर पणजीत नोकरीला असलेले माझे बाबा कित्येक पावसाळे नदीपलीकडच्या बेतीच्या फेरीबोटीने ये-जा करत होते. धक्क्यावरच्या गर्दीतून ते घरी पोहोचत तेव्हा सदरा चिंब भिजलेला असे, पण जेवणाच्या रिकाम्या डब्यात, केळीच्या पानात गुंडाळून आईसाठी आणलेला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, अगदी कोरडा असे. आईने तो केसांत माळला, की मगच ते कपडे बदलायला आत जात. घरातली एकुलती धड छत्री ते माझ्या शाळेसाठी मागे ठेवून जात होते, हे मला ते गेल्यानंतर आईकडून कळले.