एकच शत्रू, दोन शेवट: 'डॉक्टर हू' परत आली, पण उत्तर कुठून येतं? (चाहत्यांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

जुनी निळी पेटी

'डॉक्टर हू' ही काळात आणि अवकाशात फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवासीची बीबीसीवरची मालिका 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली आणि डिसेंबर 1989 मध्ये थांबली. 1996 चा एक टीव्ही-चित्रपट सोडला तर मधली पंधरा वर्षं नवी मालिका आली नाही. मग 26 मार्च 2005 ला 'रोझ' हा भाग लागला आणि डॉक्टर परतला. या पुनरागमनाबद्दल बोलायचं म्हटलं की लोक ग्राफिक्सवर, संगीतावर नाहीतर डॉक्टरनं प्रेमात पडावं की नाही यावर भांडतात. माझा आक्षेप वेगळा आहे. जुन्या मालिकेत संकटावरचं उत्तर आपल्या डोळ्यांसमोर तयार व्हायचं. नव्यात ते तयार होऊनच येतं.

तुलना अगदी सरळ करता येते, कारण शत्रू एकच आहे. जानेवारी 1970 मधली 'स्पेअरहेड फ्रॉम स्पेस' ही चार भागांची कथा घ्या आणि तिच्या शेजारी 'रोझ' ठेवा. दोन्हीकडे नेस्टीन ही प्लास्टिकवर हुकमत चालवणारी परग्रहावरची शक्ती आहे, आणि दोन्हीकडे दुकानांच्या काचेमागचे पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर उतरतात.

1970 मध्ये आधी आकाशातून गोळे पडतात. त्यातला एक हाती लागतो, प्रयोगशाळेत येतो, तो कसले तरी संदेश पाठवतोय हे कळतं. बाहुल्यांच्या कारखान्यातला जुना माणूस परततो आणि कारखाना ओळखीचा राहिलेला नाही हे त्याला दिसतं. मोठ्या अधिकाऱ्यांच्या जागी त्यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती बसवल्या जातात. डॉक्टर आणि त्याची शास्त्रज्ञ सहकारी लिझ शॉ मिळून यंत्र बनवतात, ऐन वेळी ते चालत नाही, आणि लिझ जोडणी दुरुस्त करते तेव्हा कुठे डॉक्टरचा जीव वाचतो. पुतळे रस्त्यावर येतात ते थेट चौथ्या भागात.

2005 मध्ये डॉक्टर खिशातून एक कुपी काढतो. तिच्यात 'अँटी-प्लास्टिक' आहे. ते कुठून आलं, कसं बनवलं, काही नाही. डॉक्टरसोबत आलेली रोझ साखळीला लटकून झोका घेते, कुपी खाली पडते, कथा संपते. शाळेत जिम्नॅस्टिक्समध्ये कांस्यपदक मिळाल्याचं ती सांगते तेही झोका घ्यायच्या क्षणी. पेरणी आणि कापणी एकाच वाक्यात उरकली. हा पंचेचाळीस मिनिटांच्या साच्याचा दोष आहे, आणि पुढची वीस वर्षं तो मालिकेला चिकटून राहिला.

दुसरं हृदय

असहमत, आणि मुळापासून असहमत.

'रोझ' ही आक्रमणाची गोष्टच नाही. दुकानात काम करणारी एक मुलगी डॉक्टरपर्यंत कशी पोचते, याची ती गोष्ट आहे. पंचेचाळीसपैकी बहुतेक मिनिटं आपण तिच्यासोबत आहोत: तळघर, घरात शिरलेला प्लास्टिकचा हात, डॉक्टरची छायाचित्रं जमवणारा क्लाइव्ह, तिच्या प्रियकराच्या, मिकीच्या, जागी आलेला नकली मिकी. नेस्टीन निवडलाच यासाठी की तो समजावून सांगावा लागत नाही. पुतळा हलला, बस. त्या कुपीकडेही नीट बघा. डॉक्टर ती वापरायला आलेलाच नाही. तो आधी बोलणी करतो, निघून जायची संधी देतो. कुपी सापडते तेव्हा नेस्टीन चिडतो, आणि तिथेच पहिल्यांदा कळतं की कुठलंसं युद्ध झालं, त्यात नेस्टीनचं जग गेलं आणि डॉक्टर ते वाचवू शकला नाही. कुपी हे उत्तर नाही. ती डॉक्टरच्या अपराधी भावनेला तोंड फोडते.

आता 'स्पेअरहेड'चा हिशेब. पहिल्या भागात डॉक्टर बहुतांश वेळ दवाखान्यातल्या खाटेवर पडून आहे. पुढे टार्डिस, म्हणजे त्याचं निळ्या पेटीच्या रूपातलं काळयान, घेऊन पळायचा त्याचा प्रयत्न फसतो, त्यातही बराच वेळ जातो. आणि ही तर फक्त चार भागांची कथा. त्याच वर्षी तिच्यामागून आलेल्या तिन्ही कथा सात-सात भागांच्या होत्या. सात भागांत काय होतं हे ज्यानं पाहिलंय त्याला माहीत आहे: पकडले गेले, सुटले, पुन्हा पकडले गेले.

कॅमेरा तीन

दोघेही निर्मितीची बाजू विसरताहेत. लांबी लेखकाच्या आवडीवर ठरत नव्हती, सेटच्या खर्चावर ठरत होती.

1969 मध्ये संपलेल्या हंगामात 44 भाग होते. 1970 मध्ये ते 25 झाले: एक चार भागांची आणि तीन सात भागांच्या कथा. कथा कमी म्हणजे सेट कमी, पोशाख कमी, राक्षसही कमी. एकदा प्रयोगशाळा उभी केली की ती सात आठवडे वापरायची. 'इन्फर्नो' या सात भागांच्या कथेत तर समांतर जग आणून तेच नट आणि बरेचसे तेच सेट दुसऱ्या रूपात वापरले. डॉक्टरच्या बाजूचा लष्करी अधिकारी असलेल्या ब्रिगेडियरच्या डोळ्यावर पट्टी चढवली की झालं नवं पात्र. ही काटकसर होती, आणि तिच्यातून त्या वर्षातली सर्वांत घट्ट कथा निघाली.

'स्पेअरहेड' तर अपवादच धरायला हवी. बीबीसीच्या स्टुडिओतल्या संपामुळे ती अख्खी 16 मिमी फिल्मवर, बाहेरच्या जागी चित्रित झाली. एरवी जुनी पद्धत अशी: आतली दृश्यं स्टुडिओत अनेक कॅमेऱ्यांनी व्हिडिओटेपवर, बाहेरची फिल्मवर. म्हणून दार उघडून पात्र बाहेर आलं की चित्राचा पोतच बदलतो. 'स्पेअरहेड' दिसायला इतकी एकसंध आहे ती त्या संपामुळे. तरी पुतळे काच फोडून बाहेर येतात तेव्हा काच फुटताना दिसत नाही, फक्त आवाज येतो. 2005 मध्ये ती काच खरोखर फुटताना दाखवली. ते दृश्य पस्तीस वर्षं उधार होतं.

नव्या पद्धतीत एका कॅमेऱ्यानं, दृश्यागणिक प्रकाशयोजना करून चित्रण होतं. दर आठवड्याला नवं जग उभारायचं तर पैसा पुरत नाही, म्हणून पहिल्या वर्षी दर दोन-तीन भागांनी आजची पृथ्वी येते. पेटीकाका, तुमचं 'तयार उत्तर' इथून येतं. तयार होताना दाखवायला कारखाना लागतो, प्रयोगशाळा लागते, ती चालवणारी चार माणसं लागतात. एका भागापुरतं एवढं उभारणं परवडत नाही.

जुनी निळी पेटी

@कॅमेरा तीन, कारण पटलं. पण कारण कळलं म्हणून दोष नाहीसा होत नाही.

@दुसरं हृदय, 'रोझ' सोडून देऊ. त्याच वर्षाचा शेवट घ्या, 'द पार्टिंग ऑफ द वेज'. डालेकांचं, म्हणजे डॉक्टरच्या जुन्या कवचधारी शत्रूंचं, अख्खं आरमार समोर आहे. रोझ टार्डिसच्या गाभ्यात डोळे घालते, काळाची सगळी शक्ती तिच्यात उतरते आणि डालेकांची धूळ होते. याला उकल म्हणायचं?

याच्या शेजारी 1975 ची 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' ठेवा. सहा भाग. डालेक जन्मण्याआधीच संपवायचे म्हणून डॉक्टर स्फोटकांच्या दोन तारा हातात धरून उभा राहतो, आणि त्या जोडायचा अधिकार आपल्याला आहे का, असं स्वतःला विचारतो. तो जोडत नाही. पुढे एक डालेकच त्या तारांवरून जातो आणि स्फोट होतो. संकोच डॉक्टरचा, कृती शत्रूची, आणि परिणाम? डालेकांना थोडा उशीर, इतकंच. या प्रश्नाला वजन आहे ते आधीच्या पाच भागांत आपण खंदक पाहिले, दोन्ही बाजूंचं खोटं पाहिलं, डालेकांचा निर्माता डाव्हरॉस याला आपल्याच लोकांचा घात करताना पाहिलं म्हणून.

दुसरं हृदय

'जेनेसिस'पुढे मान झुकते, वाद नाही. पण त्याच सहा भागांत गुहेतल्या महाकाय शिंपल्यांचा प्रसंगही आहे. तो काढून टाकला तर कथेचं काय बिघडतं? काहीच नाही.

आणि 'पार्टिंग'ची पेरणी झाली नव्हती हे चूक आहे. दोनच भाग आधी, अकराव्या भागात, 'बूम टाउन'मध्ये टार्डिसचा गाभा उघडतो, त्यात बघणारी परग्रहवासी मार्गारेट पुन्हा अंडं होते. गाभ्यात बघितलं की बघणाऱ्याच्या मनातलं घडतं, हा नियम तिथे दाखवलाय. शेवटच्या भागात रोझ, तिची आई आणि मिकी तो गाभा मोठ्या गाडीला साखळी लावून उघडतात. घाम गाळून उत्तर तयार करणं याहून वेगळं काय असतं? फरक इतकाच की पेरणी आता एका कथेच्या आत होत नाही, तेरा भागांच्या हंगामात पसरलेली असते. तुम्ही प्रत्येक भाग सुटा मोजताय.

पाचर

'तयार उत्तर' म्हटल्यावर सॉनिक स्क्रूड्रायव्हरचं, म्हणजे डॉक्टरच्या खिशातल्या बहुउपयोगी हत्याराचं, नाव अजून कसं निघालं नाही?

ते पहिल्यांदा 1968 च्या 'फ्युरी फ्रॉम द डीप'मध्ये आलं, आणि तेव्हा ते खरंच स्क्रू काढायच्या कामाचं होतं. मग कुलपं उघडू लागलं, मग काहीही. 1982 च्या 'द व्हिजिटेशन'मध्ये ते मुद्दाम नष्ट केलं, कारण डॉक्टरला कोंडलं तरी प्रेक्षकाला भीती वाटेना. पुढची सात वर्षं, 1989 पर्यंत, त्याच्याशिवाय भागलं. 1996 च्या चित्रपटात ते परतलं आणि 2005 पासून कायमचं झालं.

नव्या लेखकांना ते का हवं हे उघड आहे. कुलूपबंद दारापाशी जुन्या कथेला चार मिनिटं घालवता येत होती, नव्या कथेला चार सेकंदही नाहीत. दार उघडायचं, स्कॅन करायचं, पुढे. तिथवर काही बिघडत नाही. बिघडतं ते हत्यार दार सोडून कथेचा शेवट उघडू लागतं तेव्हा. म्हणून मग अटी घालाव्या लागल्या: डेडलॉक केलेल्या, म्हणजे खास पक्क्या बंद केलेल्या, कुलपावर चालत नाही, लाकडावर चालत नाही. ज्या भागांत या अटी पाळल्या तिथे पात्रांना डोकं चालवावं लागतं. 2008 च्या 'मिडनाइट'मध्ये एका बंद वाहनात मोजकी माणसं आणि एक आवाज आहे. तिथे डॉक्टरचं बोलणंच त्याच्यावर उलटतं, हत्याराचा उपयोग शून्य. पंचेचाळीस मिनिटांत हे होऊ शकतं, तर दोष साच्याचा कसा?

शनिवार संध्याकाळ

मला मिनिटांचा हिशेब मांडायचा आहे.

जुना भाग सुमारे 25 मिनिटांचा. त्यातून सुरुवातीचं संगीत, शेवटची नावं आणि मागच्या भागाची उजळणी वजा करा. चार भागांत कथेला मिळतात नव्वदच्या आसपास मिनिटं. नव्या मालिकेची दोन भागांची जोडकथा? तीही नव्वदच्या आसपास. म्हणजे पेटीकाकांना हवा तो आकार नव्या मालिकेत पहिल्या वर्षापासून आहे. 2005 च्या तेरा भागांत तीन जोडकथा होत्या, म्हणजे सहा भाग. 'द एम्प्टी चाइल्ड' आणि 'द डॉक्टर डान्सेस' सलग पाहा. रुग्णवाहिका, जखमा भरणारे सूक्ष्म यंत्र म्हणजे नॅनोजीन्स, सगळ्या रुग्णांना एकसारख्याच जखमा, मुलाचा एकच प्रश्न, आणि नॅन्सी त्याची कोण हे. प्रत्येक तुकडा वेळेवर हाती दिलाय आणि उकल त्यातल्या एकाही तुकड्याबाहेरून येत नाही.

2015 च्या हंगामात तर बहुतेक कथा दोन भागांच्याच केल्या. आणि तरी त्या वर्षाचा सर्वोत्तम भाग कोणता? 'हेवन सेंट', डॉक्टर साकारणाऱ्या पीटर कपाल्डीनं जवळजवळ एकट्यानं पेललेला.

जोडकथेतही चुका होतात हे मान्य. 'एलियन्स ऑफ लंडन'च्या शेवटी सगळे संकटात सापडतात आणि लगेच पुढच्या भागाची झलक लागते, तिच्यात तेच लोक धडधाकट दिसतात. क्लिफहँगर तिथल्या तिथे मेला. 'द एम्प्टी चाइल्ड'च्या वेळी ती झलक नावांनंतर ढकलली, तेव्हा दुरुस्त झालं.

जुन्या कथा पाहणाऱ्यांना एक सांगणं: चारही भाग सलग पाहू नका. रोज एक पाहा. उजळणी, मध्येच पुन्हा समजावून सांगणं, दर पंचविसाव्या मिनिटाला किंकाळी, हे सगळं एक आठवडा थांबलेल्या माणसासाठी होतं. तेव्हा घरी टेप करून ठेवायची सोय नव्हती. सलग पाहिलं की तोच भाग कंटाळवाणा वाटतो आणि दोष लेखकाच्या माथी येतो.

जुनी निळी पेटी

@शनिवार, हिशेब बरोबर आहे आणि 'एम्प्टी चाइल्ड'बद्दल एकही शब्द विरोधात नाही. मी 'साच्याचा दोष' म्हटलं, त्यात एवढी दुरुस्ती करतो: एका भागात आक्रमण सुरू करून संपवायचा हट्ट हा दोष.

पण तुमच्याच हिशेबानं आजची स्थिती बघा. तेरा भागांत तीन जोडकथा ठेवूनही सात सुट्या कथा उरत. 2018 मध्ये भाग दहा झाले आणि त्या हंगामात एकही जोडकथा नव्हती. 2021 मध्ये उलट टोक, सहा भागांची एकच कथा, 'फ्लक्स', तीही इतक्या धाग्यांची की शेवटी अर्धे धागे घाईनं कापावे लागले. 2024 आणि 2025 मध्ये आठ-आठ भाग. आठात एक जोडकथा घेतली की पाव हंगाम गेला. म्हणजे 'एम्प्टी चाइल्ड'सारखी, हंगामाच्या शेवटी होणाऱ्या महासंग्रामाशी संबंध नसलेली, हंगामाच्या मध्यावरची नव्वद मिनिटांची कथा परवडतच नाही. जोडकथा उरते ती फक्त शेवटाला, आणि शेवटाला सगळं विश्वच वाचवायचं असतं.

दुसरं हृदय

यावर मात्र सहमत. हंगामभर पसरलेल्या ज्या पेरणीची मी बाजू घेतली ती आठ भागांत मावत नाही. 'बूम टाउन' हा दहा भाग झाल्यानंतर थांबून श्वास घेणारा, एका जेवणाच्या टेबलावर रंगणारा भाग होता. आठांच्या हंगामात तो पहिला कापला जाईल, आणि मग टार्डिसच्या गाभ्याचा नियम कुणी आणि कधी दाखवायचा?

कॅमेरा तीन

उपाय 1970 मध्येच आहे. आठ भाग, चार कथा, प्रत्येकी दोन भाग. सेट चारच उभारायचे, प्रत्येक दोनदा वापरायचा. वाचलेल्या पैशात एक प्रयोगशाळा नीट बांधता येते, आणि तिच्यात कुणीतरी तारा जोडताना दिसू शकतं.

पाचर

आणि त्या चारांतल्या एका कथेत स्क्रूड्रायव्हर दुसऱ्याच मिनिटाला हरवलेला असू द्या.