‘सुस्थिर आवरण’ मराठीत कसं लिहायचं?

खानापूरकर: कॉलेजात पर्यावरण सप्ताहाचं कन्नड परिपत्रक आलंय, त्यात ‘सुस्थिर आवरण’ आहे, म्हणजे ‘सस्टेनेबल कॅम्पस’. पोरांनी मराठी फलकासाठी तसंच उतरवून घेतलं. कन्नडात आवरण म्हणजे आवार. मराठी माणसाला वाटणार, कशावर तरी झाकण घातलंय. मी ‘शाश्वत आवार’ केलं, तर सहकाऱ्यानं खोडलं. उद्या रंगवायचंय.

निपाणीची माई: ‘शाश्वत’च ठेवा. शाश्वत शेती म्हणताना आता कोण अडखळतं? संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातला अर्थ हाच: आजची गरज भागवताना पुढच्यांच्या तोंडचा घास काढायचा नाही. संयुक्त राष्ट्रांची २०१५ची १७ उद्दिष्टंही मराठीत ‘शाश्वत विकासा’चीच.

चिकोडीचे मास्तर: ‘शश्वत्’ म्हणजे नित्य. इथे तर संपेल म्हणून जपायचंय! ‘धारणक्षम’ लिहा. जमीन किती भार धारण करील, तो हिशेब त्यात येतो.

शहापूर पेठ: मास्तर, गेटावरच्या मावशींना कळेल का ते? ‘टिकाऊ’ बरं.

निपाणीची माई: टिकाऊ तर प्लॅस्टिकही असतं. तेच दुखणं आहे.

हुक्केरीवाला: टिकत नाही याला आमच्या घरी ‘बाळिके येत नाही’ म्हणतात, चपलेलाही. कन्नड ‘बाळु’ म्हणजे जगणं, नांदणं. आपलं ‘बाळगणे’ त्यातलंच असणार.

चिकोडीचे मास्तर: नुसता ध्वनी जुळला म्हणून नातं लागत नाही.

खानापूरकर: आजी हरभऱ्याचं बी राखेत घोळून मडक्यात भरायची, तोंड शेणानं लिंपायची. ‘बी राखून खा’ म्हणायची. हे ‘राखून’ कुठल्या विशेषणात बसतं?

शहापूर पेठ: परिपत्रकातला ‘अभ्यासक्रमात समावेश’ मला जास्त खटकतो. पर्यावरणाचा पेपर आहेच की! शेवटच्या आठवड्यात गाईडवरून उरकतात. आमच्या मेसमागे पिंपात भात आंबतो, दहा पावलांवरच्या बागेला खत विकतचं. कंपोस्टाला कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३०ला १ लागतं. उरलेल्या अन्नात किती वाळका पाला घालायचा, हा हिशेब केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला का नाही? याला ‘रुजवणं’ म्हणायचं.

निपाणीची माई: ‘मुरवणं’ म्हणा. लोणच्यासारखं, प्रत्येक फोडीत.

चिकोडीचे मास्तर: मुरायला वेळ लागतो, सेमिस्टर चार महिन्यांचं. ‘रुजवणं’च बरोबर.

खानापूरकर: ‘आवार’ रंगवून झालं. त्याच्या आधीच्या शब्दाची जागा कोरी आहे. ‘राखीव’ नको, ते जंगलाकडे जातं.

चिकोडीचे मास्तर: ‘राखणशील’?

निपाणीची माई: हे तर ‘धारणक्षम’हून जड!