रात्रीपेक्षा सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त का येते?

प्रश्न:
माझ्या आईला टाइप २ मधुमेह आहे आणि महिनाभरापासून आम्ही घरीच ग्लुकोमीटरवर तिची साखर तपासतो. रात्री झोपताना १२८ असलेली साखर सकाळी उपाशीपोटी १५६ भरते, आणि मधल्या वेळात ती पाण्याखेरीज काही घेत नाही. काल शंका आली म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा तपासली, तर १४३ आली. मशीन बिघडले आहे की आमचेच काही चुकते आहे? आई हल्ली आकडा पाहूनच धास्तावते.

प्रतिसाद १:
एवढ्या फरकावरून मशीन बिघडले असे म्हणता येत नाही. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या मानकात, साखर १०० किंवा त्याहून जास्त असताना, प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा १५ टक्के कमी-अधिक येणे ग्राह्य धरले आहे. तपासण्यापूर्वी मात्र हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण फळ सोलल्यावर बोटाला राहिलेला रससुद्धा आकडा बराच फुगवतो. सुई बोटाच्या कडेला टोचावी, तिथे कमी दुखते.

प्रतिसाद २:
सकाळच्या वाढीचे कारण बहुधा शरीरातच आहे. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, यकृत रक्तात साखर सोडते, आणि मधुमेहात इन्सुलिन तिला पुरे पडत नाही. हे ठाऊक नसल्याने मी कित्येक महिने रात्रीचे जेवण तोडत राहिलो आणि विनाकारण उपाशी झोपलो; शेवटी डॉक्टरांनी पहाटे ३ वाजता तपासायला सांगितले, तेव्हा उलगडा झाला. आपणही दोन-तीन रात्री तसे करून पाहावे. आई इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणारी गोळी घेत असतील, तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण त्या वेळी साखर ७०च्या खाली आढळली तर प्रश्न औषधाच्या मात्रेचा असू शकतो आणि डॉक्टरांना लगेच कळवायला हवे. मात्रा स्वतःहून बदलू नये.

प्रतिसाद ३:
एचबीए१सी तपासणीही करून घ्यावी. तिच्यातून साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते, त्यामुळे एखाद्या सकाळच्या आकड्याची भीती कमी होते. रक्तक्षय असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण त्याने निकाल बदलू शकतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. काल पहाटे ३ वाजता १३१ आली, सकाळी १५४. दोन्ही आकडे आईने स्वतःच्या हाताने वहीत लिहिले. ही वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे जाणार आहोत.