यूएपीए मंजुरी कक्षाचं प्रमुखपद घ्यावं का?

प्रश्न: विधी विभागात फौजदारी बाजू सांभाळते. आता यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटला चालवायच्या सरकारी मंजुरीच्या फायली तपासणारा कक्ष माझ्याकडे देताहेत. काम कसं असतं?

उत्तर १: ताई, मी हेच काम करून निवृत्त झालोय. कलम ४५ खाली पुराव्याची स्वतंत्र छाननी असते. २००८ च्या नियमांनुसार शिफारशीला कामकाजाचे ७ दिवस, सरकारी निर्णयाला पुढचे ७. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ही मुदत बंधनकारक ठरवली. पंचनामे, सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) स्वतः वाचा. टिपणीत पोलिसांचीच वाक्यं उतरवलेली दिसली की मी ती ज्युनिअरला परत द्यायचो. माणूस आत असतो हो!

प्रश्नकर्ती: वरून दबाव आला तर?

उत्तर १: मत कारणांसह लेखीच द्या.

उत्तर २: ज्युनिअरची असहमतीही फायलीवर राहू द्या. नक्की घ्या हे पद.