शब्दचर्चा : ‘ड्यूटी सायकल’, ‘संतुलित’ आणि ‘दीड ठोका’

प्रश्न

मी अमरावती जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अंकीय इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. माझे बहुतेक विद्यार्थी कपाशी आणि संत्र्याच्या पट्ट्यातील गावांतून येतात आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात, म्हणून क्लॉकची, म्हणजे एकसारखे ठोके देणाऱ्या संकेताची, वारंवारता भागणाऱ्या परिपथांची प्रात्यक्षिक-पत्रिका मी मराठीत लिहीत आहे. हाताशी असलेल्या एका भाषांतरित टिपणात ‘ड्यूटी सायकल’ला (संकेत एकूण वेळेपैकी किती वेळ चालू असतो त्या प्रमाणाला) ‘कर्तव्य चक्र’ म्हटले आहे आणि अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद राहणाऱ्या संकेताला ‘संतुलित’. पहिला शब्द मला खटकतो, दुसऱ्याविषयी शंका आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

नमस्कार सर. ‘कर्तव्य चक्र’ हा शब्द मला सरळ चुकीचा वाटतो. इथल्या ‘ड्यूटी’चा कर्तव्याशी संबंध नाही, ‘तो ड्यूटीवर आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा जो कामाचा अर्थ असतो, तोच इथे आहे. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याला विचारा. त्याच्या यंत्रावर ‘६० टक्के’ लिहिलेले असते, म्हणजे त्या करंटवर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे वेल्डिंग करायचे आणि चार मिनिटे यंत्र थंड होऊ द्यायचे. ‘सायकल’ही चक्र नव्हे, आवर्तन आहे, आणि हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावा लागत नाही. ऊर्ध्व वर्धाच्या कालव्याला रब्बीत पाणी सुटते ते आवर्तन, आणि त्या आवर्तनात आपल्या शेताला जेवढा वेळ पाणी मिळते ती आपली पाळी. आवर्तन किती काळाचे आणि त्यात पाळी किती काळाची, यांत पाळीचे आवर्तनाशी गुणोत्तर म्हणजेच ड्यूटी सायकल. म्हणून मी ‘पाळी-प्रमाण’ सुचवते.

‘संतुलित’ मात्र निराळ्या कारणाने टाळावा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये परस्परविरुद्ध अशा दोन तारांवरून एकच संकेत पाठवतात, त्या जोडीला संतुलित म्हणण्याचा प्रघात आहे. फ्लिप-फ्लॉपला (चालू किंवा बंद यांपैकी एक स्थिती धरून ठेवणाऱ्या परिपथाला) क्यू आणि क्यू-बार असे एकमेकांच्या उलट दोन निर्गम (आउटपुट) असतातच, त्यामुळे ‘संतुलित निर्गम’ वाचून विद्यार्थी त्या जोडीकडे पाहील आणि वेळेच्या निम्मेपणाचा मूळ मुद्दा सुटेल. ‘समकाल’ही नको, कारण ‘समकालिक’ हा शब्द एकाच ठोक्यावर चालणाऱ्या परिपथांसाठी लागतो. मी ‘निम्मा-निम्मा’ म्हणेन. लेखी भाषेत ‘सममित’ चालेल.

हा फरक दाखवायला ७४९० ही आयसी फार चांगली आहे, कारण तिच्या पोटात दोनने भागणारा आणि पाचने भागणारा असे दोन वेगळे भाग आहेत. सेकंदाला एक ठोका १४ क्रमांकाच्या पिनेला द्या, १२ ही पिन १ ला जोडा आणि ११ वर एलईडी लावा. आधी दोनने, मग पाचने भागले गेले. वारंवारतेचा दहावा भाग मिळाला, पण एलईडी दोन सेकंद पेटतो आणि आठ सेकंद विझलेला राहतो, कारण ती पिन फक्त आठ आणि नऊ या अंकांना उच्च असते. आता क्रम उलटा करा : ठोका १ ला, ११ ही पिन १४ ला, एलईडी १२ वर. भागाकार तोच, पण आता पाच सेकंद उजेड, पाच सेकंद अंधार. शेवटी दोनने भागणारा फ्लिप-फ्लॉप ठेवला की तो ठोक्याच्या एकाच कडेला (संकेत चढतो किंवा उतरतो त्या क्षणी) पालटतो, आणि त्याच्याकडे येणारा संकेत कितीही वेडावाकडा असला तरी त्याचा निर्गम निम्मा-निम्माच निघतो. सम संख्येने भागायचे असेल तर एवढे पुरते.

खरी गंमत विषम संख्येची आहे, आणि तिथे मराठी अपूर्णांक कामी येतात. तीनने भागताना निम्मा काळ म्हणजे दीड ठोका, पाचने भागताना अडीच, सातने भागताना साडेतीन. फ्लिप-फ्लॉप केवळ चढत्या कडेवर चालत असेल तर पूर्ण ठोकेच मोजता येतात, दीड मोजता येत नाही. म्हणून तीनपैकी एक ठोका उच्च राहणारा संकेत घ्यायचा, उतरत्या कडेवर चालणाऱ्या दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपमधून तो अर्धा ठोका उशिराने काढायचा आणि दोन्ही ऑर गेटला द्यायचे, म्हणजे दोहोंपैकी एक जरी उच्च असला तरी निर्गम उच्च राहतो. एक आणि वरचा अर्धा मिळून दीड होतो. पाचसाठी दोन ठोके उच्च राहणारा संकेत घ्या, म्हणजे अडीच होतील. अट एकच आहे : मूळ ठोका स्वतः निम्मा-निम्मा असला पाहिजे, नाहीतर तो ‘अर्धा’ खरा अर्धा राहत नाही.

आक्षेप

ताई, विवेचन पटले, पण ‘पाळी-प्रमाण’ वर्गात नेताना विचार करावा. शेतात हा शब्द सहज बोलला जातो. वर्गात मात्र दुसरा अर्थ आधी मनात येतो आणि मुली प्रश्न विचारायला कचरतात, हे मी स्वतः पाहिले आहे. ‘चालू-प्रमाण’ म्हणण्यात अर्थाची हानी होत नाही. शिवाय ‘वारंवारता-विभाजक’ या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. गणितात विभाजक ही संख्या असते. दोन हा दहाचा विभाजक, परिपथ नव्हे. आणि ‘कंप्रता’ की ‘वारंवारता’? विश्वकोशात कंप्रता आहे, पण शाळेत मुले वारंवारता शिकून येतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल ७४९० चे दोन्ही प्रयोग वर्गात केले. पहिल्या जोडणीत एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, हा तर जास्त वेळ बंदच राहून राहिला.’ दुसऱ्या जोडणीत मुलींनी हातातल्या घड्याळावर पाच-पाच सेकंद मोजले आणि ‘निम्मा-निम्मा’ हा शब्द मी उच्चारण्याआधी त्यांच्याकडूनच आला. त्यामुळे तो पत्रिकेत तसाच ठेवला आहे. ड्यूटी सायकलसाठी ‘चालू-प्रमाण’ घेतले, मात्र कालव्याचे आवर्तन उदाहरण म्हणून ठेवले. वारंवारता कायम ठेवली आणि परिपथाला ‘वारंवारता भागणारा परिपथ’ असे उलगडून लिहिले. शब्द लांबला, पण संदिग्धता गेली.

एक भर घालतो. दोनने भागणे समजावताना मी ‘ठोक्याआड’ म्हणालो, कारण नळाला दिवसाआड पाणी येते हे सर्वांना ठाऊक आहे. पण तीनने भागण्याला अर्ध्या वर्गाने ‘तीन ठोक्यांआड’ लिहिले. दोन दिवसांआड म्हणजे मध्ये दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी पाणी. तेव्हा तीनने भागणे म्हणजे दोन ठोक्यांआड. ही चूक टाळण्यासाठी पत्रिकेत आता सगळीकडे ‘दर तिसऱ्या ठोक्याला’, ‘दर पाचव्या ठोक्याला’ असेच लिहिले आहे.