मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर १२ × ५ मीटरचं भित्तिशिल्प. कशात करावं, निविदा कशी काढावी?

स्थापत्य_कोकण (धागाकर्ता)

दक्षिण कोकणातल्या एका नगरपरिषदेची नवी प्रशासकीय इमारत, तळ + ३. आरसीसी सांगाडा पूर्ण, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंती चालू आहेत, बाहेरचा गिलावा दिवाळीनंतर. समुद्र सरळ रेषेत दीड किलोमीटर. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर, प्रवेशद्वाराच्या पोर्चच्या वर, १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच जागा भित्तिशिल्पासाठी राखली आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय. तरतूद ६० लाख, सर्व करांसहित.

अडलेले मुद्दे:

१) दरसूचीत (शासनाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) अशी बाबच नाही. इमारतीच्या ठेकेदारालाच जादा बाब म्हणून द्यावं, असं काहींचं म्हणणं. निविदा काढली तर सर्वात कमी दरवाल्याला द्यावंच लागेल का?
२) फायबर, ब्राँझ की भाजलेली माती?
३) विषय म्हणून बंदर, मासेमारी, दशावतार, पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची लोककला) आणि मधोमध शिवाजी महाराज, असं सगळं हवंय.
४) गिलाव्याआधी भिंतीत काय सोडून ठेवायचं?

---

भारवाहक

चौथा मुद्दा आधी घ्या, कारण त्यालाच मुदत आहे.

एएसी ब्लॉकला काहीही टांगू नका. बोल्ट आरपार नेऊन मागून प्लेट लावली तरी भार ब्लॉकवरच राहतो आणि काही वर्षांत भोक मोठं होतं. भार कॉलम-बीममध्येच गेला पाहिजे. ५ मीटर उंचीत तुम्हाला एक, फार तर दोन बीम मिळतील. म्हणजे कॉलम ते कॉलम आडव्या बॉक्स सेक्शनचा उपसांगाडा लागेल आणि शिल्प त्यावर. हे डिझाइन इमारतीच्याच स्ट्रक्चरल सल्लागाराकडून करून घ्या, कारण बाहेर लोंबणारा भार मूळ हिशोबात बहुधा धरलेला नसतो.

६० चौ.मी.चं नुसत्या शिल्पाचं वजन, सांगाडा सोडून:
- भाजलेली माती, सरासरी २५ मिमी: सुमारे ३,००० किलो
- बेसाल्ट, ३० मिमी: सुमारे ५,२०० किलो
- ओतीव ब्राँझ, ६ मिमी: ३,२०० किलो, पण हे सपाट धरून. उठाव असला की पृष्ठभाग दीडपटीपर्यंत जातो, मग ४,५०० च्या पुढे
- ठोकून उठवलेला तांब्याचा पत्रा, १.२ मिमी: ६५० किलो

आता वारा. आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, २०१५) मध्ये वाऱ्याचा मूळ वेग मुंबईला ४४ मी/से, पुण्याला ३९. तुमचा आकडा नकाशावरून घ्या. ३९ धरला तरी ०.६ × ३९² म्हणजे ९१२ न्यूटन प्रति चौ.मी., साधारण ९३ किलो. ६० चौ.मी.ला साडेपाच टन, आणि हे गुणक लावण्याआधी. हा जोर शिल्प बाहेरही ओढतो, कडा-कोपऱ्यांत जास्तच. त्यामुळे तांब्याचा पत्रा हलका म्हणून अँकर कमी, हा हिशोब चुकतो. तिथे वजन नव्हे, वारा ठरवतो.

सांगाडा ओतून झालाय, तेव्हा आता केमिकल अँकर (काँक्रीटला भोक पाडून रेझीनने चिकटवलेले बोल्ट). ड्रिल करण्याआधी कव्हर मीटरने सळ्या शोधून खुणा करा. दर वीस अँकरमागे एक, किमान तीन, डिझाइन भाराच्या दीडपट ओढून तपासा आणि तो अहवाल बिलाला जोडा. ब्रॅकेट गिलाव्याआधी बसवा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी भिंतीकडे चालत येणार नाही. भिंत आणि शिल्प यांत ७५ ते १०० मिमी मोकळी फट ठेवा. वर-खाली जाळी विसरू नका, नाहीतर पहिल्याच वर्षी कबुतरं.

---

भट्टीवाला

पश्चिमेचं ऊन, नैऋत्येचा पाऊस आणि खारा वारा. यात "ब्राँझ फिनिश" फायबर घेऊ नका. आत पॉलिएस्टर रेझीन, वर रंग. उन्हाने जेलकोट (रेझीनचा वरचा थर) खडूसारखा उतरतो, रंगाला पापुद्रे येतात. मग दर चार वर्षांनी कोणीतरी ऑइलपेंटने रंगवतो आणि उठावातले बारकावे बुजतात. आतल्या छतासाठी फायबर चालेल, या भिंतीवर नाही.

साधा टेराकोटाही नको. हजार अंशांच्या आसपास भाजलेली माती पाणी पिते, खारं पाणी आत सुकलं की मीठ स्फटिक धरतं आणि पृष्ठभाग फुटतो. १,२०० अंशांवर भाजलेलं स्टोनवेअर मागा, पाणी शोषण ३ टक्क्यांच्या आत, आणि प्रत्येक भट्टीमागे नमुना तुकड्याची चाचणी.

स्टोनवेअरमध्ये हमखास फसतं ते आकुंचन. माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण १० टक्के आटते (मातीनुसार ८ ते १२). ६० सेंमीची तयार फरशी हवी म्हणून १० टक्के वाढवून ६६ ची घडवली, तर भट्टीतून ५९.४ बाहेर येते, कारण आटणं ६६ चं होतं. बरोबर माप ६०/०.९, म्हणजे ६६.७. फरक ६ मिलिमीटरचा, पण आडव्या २० फरशांत १२ सेंमी. तेवढी भिंत मग जाड सांधे भरून झाकतात आणि मधोमधचा चेहरा ताणल्यासारखा दिसतो. म्हणून पूर्ण काम सुरू करण्याआधी त्याच मातीचे, त्याच जाडीचे तीन तुकडे भाजून आटण्याचा आकडा काढायला सांगा.

६० सेंमीची एकसंध फरशी सुकताना पीळ खाते. ३० ते ४० सेंमीचे अनियमित तुकडे, सांधे आकृतीच्या रेषांवरून नेलेले, हे दिसायलाही बरं. सगळं फक्त चिकटवून टांगू नका. मागे खाच घेऊन एसएस ३१६ (खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस स्टील) च्या क्लिपा. नेहमीच्या ३०४ स्टेनलेसला या हवेत डाग पडतात.

धातूच हवा असेल तर तुमच्या पैशांत ओतीव ब्राँझ ६० चौ.मी. बसवणं अवघड. गनमेटल एलजी-२ (ओतीव ब्राँझचा एक प्रकार: तांबं ८५, कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५) चा आजचा किलोचा दर वरच्या वजनाला गुणून बघा, मग मेण, साचा, ओतणं, जोडकाम. तांब्याचा पत्रा ठोकून करणारे तांबट कारागीर मिळतात आणि ते बसेल. पण तांब्यावरून ओघळणारं पाणी खालचं अॅल्युमिनियम आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड खातं, गिलाव्यावर हिरवे ओघळ उठतात. तुमच्या पोर्चला एसीपी (अॅल्युमिनियमचे आच्छादन-पत्रे) आणि अॅल्युमिनियम फ्रेम असणार. शिल्पाच्या तळाला पूर्ण लांबीची पन्हळ देऊन पाणी वेगळ्या पाइपने उतरवा.

---

भारवाहक

पुरवणी: तांबं घेतलं तर उपसांगाडाही एसएस ३१६ चा. स्टोनवेअरला हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं लोखंड) चालेल, पण वेल्डिंग सगळं गॅल्व्हनाइज करण्याआधी, जागेवर फक्त बोल्ट. जागेवर वेल्ड मारला की तिथलं जस्त गेलं आणि गंज तिथूनच सुरू. धातूच्या शिल्पाला बोल्टची छिद्रं लांबट ठेवा. १२ मीटर तांबं ४० अंशांच्या फरकाला ८ मिमी वाढतं.

---

परिशिष्ट_ब

पहिला मुद्दा. ठेकेदाराला जादा बाब म्हणून देऊ नका. दर पृथक्करणात (दर कसा ठरला याच्या फोडीत) त्याचा नफा जातो, तो काम पोटठेकेदाराला देतो, तो कलाकाराला. नाव कलाकाराचं, आणि त्याच्या हातात पडतं ते उरलेलं. शिवाय इमारतीचा दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपला की शिल्पाचाही संपला.

स्वतंत्र काम ठेवा, दोन टप्प्यांत.

टप्पा एक, स्वारस्य अभिव्यक्ती (इच्छुकांकडून दराशिवाय अर्ज मागवणं). उलाढालीची अट, नोंदणीकृत ठेकेदाराच्या वर्गाची अट काढा. या अटींत एकही शिल्पकार बसत नाही, बसतात ते पुरवठादार. त्याऐवजी "उघड्यावरचं किमान १५ चौ.मी.चं पूर्ण केलेलं एक काम, फोटो आणि पूर्णत्व प्रमाणपत्रासह". कलाकार आणि फॅब्रिकेटर यांना एकत्र येऊ द्या, पण प्रमुख कलाकारच.

टप्पा दोन, त्यांतल्या चौघांना प्रत्येकी ५० हजार मानधन देऊन १:१० चं नमुनाशिल्प (१.२ × ०.५ मी.) मागवा. फुकट नमुना मागितला की अनुभवी माणूस येत नाही. कामाची रक्कम आधीच जाहीर, स्पर्धा गुणांवर. उदा. कल्पना ३५, आधीची कामं २५, बसवणीची तांत्रिक पद्धत २५, देखभाल १५. निवड समितीत कला महाविद्यालयाचे दोन प्राध्यापक, स्ट्रक्चरल सल्लागार, वास्तुविशारद. ही पद्धत, गुणांचा तक्ता आणि कमी दराचा निकष का लावला नाही याची कारणं निविदेआधी मंजूर करून घ्या, नंतर नाही. लेखापरीक्षणात आक्षेप नेमका इथेच येतो.

पैशांचा हिशोबही आत्ताच करा. ६० लाख करांसहित आणि जीएसटी १८ टक्के लागला तर मूळ किंमत ५०.८५ लाख. कलाकृतीचा पुरवठा आणि बांधकामाशी जोडलेलं काम यांचा कर वेगळा धरला जाऊ शकतो, म्हणून सीएचं लेखी मत घ्या. मानधनाचे २ लाख, चाचण्या, उपसांगाडा, दिवे वजा करा. उपसांगाडा शक्यतो इमारतीच्या कामात घाला, तो बांधकामाचाच भाग आहे.

मोजमापात आणखी एक पाचर. "चौ.मी." लिहिलं की उठावाचा पृष्ठभाग मोजायचा की समोरून दिसणारं क्षेत्रफळ, यावर भांडण. एकमुस्त रक्कम ठेवा आणि टप्पे असे:

१० टक्के अंतिम नमुना आणि रेखाटनं
१५ टक्के स्ट्रक्चरल आराखडे, साहित्याच्या चाचण्या
२५ टक्के पूर्ण आकाराचं मातीकाम, स्टुडिओत तपासून
२० टक्के भाजणी किंवा धातुकाम पूर्ण, पाठवण्याआधी तपासणी
२० टक्के बसवणी
१० टक्के एक पूर्ण पावसाळा गेल्यावर

---

स्थापत्य_कोकण

सर्वांचे आभार. स्टोनवेअरकडे कल झुकतोय. अडचण अशी की निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची पडायला हवा, आणि वरून "डिसेंबरात उद्घाटन" असं आलंय. तिसऱ्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही.

---

भट्टीवाला

डिसेंबर विसरा. नमुना मंजूर झाल्यावर मातीकाम १० आठवडे, सावलीत सुकवणं ४ ते ६, भाजणी ६, बसवणी ४. सुकवणं उरकलं तर तडा भट्टीतच जातो. उद्घाटनाला उपसांगाड्यावर छापील फ्लेक्स लावा, पण शिल्पाची तारीख ओढू नका.

---

परिशिष्ट_ब

मार्चचं उत्तर वरच्या टप्प्यांतच आहे. मातीकामापर्यंतचे ५० टक्के मार्चपूर्वी रीतसर देय होतात. बाकीची रक्कम पुढच्या अंदाजपत्रकात दायित्व म्हणून घ्या. "काम पूर्ण" दाखवून पूर्ण बिल काढायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका.

---

प्रत_सादर

तिसरा मुद्दा. महाराजांची ओळखू येणारी आकृती आली की पुतळ्यांबाबतच्या शासनाच्या मार्गदर्शक सूचनांचा प्रश्न येतो: जिल्हाधिकाऱ्यांची समिती, कला संचालनालयाची नमुन्याला मान्यता. "हे भित्तिशिल्प आहे, पुतळा नाही" यावर विसंबू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लागू की नाही हे लेखी घ्या. मालवणच्या राजकोटवरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तेव्हापासून तुमच्या भागात या फाइलवर सही करताना प्रत्येक जण दोनदा वाचणार, आणि ते योग्यच आहे. नमुन्याची मान्यता म्हणजे सांगाड्याची हमी नव्हे. ती वेगळी, स्ट्रक्चरल अभियंत्याच्या सहीने.

माझं मत विचाराल तर एक विषय घ्या. पाच विषय कोंबले की ६० चौ.मी.त प्रत्येकाला पोस्टराएवढी जागा मिळते. चित्रकथी घ्यायची तर पिंगुळीच्या ठाकर कलाकारांना मूळ रेखाटनासाठी करारात नावानिशी पक्षकार करा आणि वेगळं मानधन द्या. पुस्तकातून आकृत्या उचलून शिल्पकाराला देऊ नका.

कराराचं एक कलम बहुतेक निविदांत नसतं. कॉपीराइट अधिनियम १९५७, कलम ५७: काम विकलं तरी त्याची मोडतोड झाल्यास दाद मागायचा हक्क कलाकाराकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं १४० × ४० फुटांचं ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये नूतनीकरणात उतरवलं गेलं, तुकडे गोदामात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ५ लाख भरपाई आणि अवशेष परत देण्याचा आदेश दिला. त्याच कलमात असंही आहे की काम प्रदर्शित न करणं हा भंग नव्हे. म्हणजे जपून उतरवून ठेवता येतं, फोडता येत नाही. करारात लिहा: दुरुस्ती किंवा स्थलांतराआधी कलाकाराला ९० दिवसांची लेखी सूचना आणि स्वतः दुरुस्त करण्याची पहिली संधी.

छपाईचे हक्क (कॅलेंडर, संकेतस्थळ) हवे असतील तर तेही लेखी, मुदतीसह. मुदत लिहिली नाही तर कलम १९ नुसार पाचच वर्षं धरतात.

---

ओळंबा

बसवणीबद्दल. पाठवण्याआधी पूर्ण १२ × ५ मी. जमिनीवर मांडून दाखवायची अट घाला आणि तुमचा अभियंता फीत घेऊन जाऊ द्या. प्रत्येक तुकड्याच्या मागे माती ओली असतानाच कोरलेला क्रमांक (रंगाने लिहिलेला भट्टीत जातो) आणि त्याचा नकाशा दोन प्रतींत. दर पाच मीटरला एक हालचालीचा सांधा, त्यात सिमेंट ग्राउट नाही, सीलंट. इमारतीच्या एक्स्पान्शन जॉइंटवरून शिल्प नेऊ नका. तो त्या १२ मीटरमध्ये येतोय का हे आजच बघा.

५ टक्के जादा तुकडे आणि दोन पोती तीच माती, ग्लेझच्या कृतीसह, नगरपरिषदेच्या ताब्यात. दहा वर्षांनी एक तुकडा फुटला तर त्याच रंगाचा मिळत नाही.

दिव्यांसाठी कंड्युट गिलाव्याआधी. ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारा डबा) वर शिल्पामागे लपवू नका, आतल्या डक्टमध्ये हात पोहोचेल असा ठेवा. उठावाला प्रकाश समोरून नको, खालून किंवा बाजूने तिरका, आयपी ६६. उपसांगाडा इमारतीच्या अर्थिंगला जोडा.

आणि परांची. गिलावा-रंग झाला की ठेकेदार ती उतरवणार, शिल्प तर चार-सहा महिन्यांनी येणार. तेव्हा पोर्चच्या छतावर नवी परांची उभी करावी लागेल. पोर्चचा स्लॅब तो भार घेतो का, हे भारवाहक यांनी सांगितलेल्या हिशोबातच काढून घ्या, आणि परांचीचा खर्च कोणाचा हे निविदेत लिहा.